औषध देताना, लिहिताना, पुन्हा भरताना: सीमाभागातल्या सीएचओ आणि सिस्टर्सचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, अथणी या पट्ट्यातल्या उपकेंद्रांत आणि पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) काम करणाऱ्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), पीएचसीओ (एएनएम सिस्टर) आणि स्टाफ नर्स यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. डोस सामान्य परिस्थितीतले आहेत. तुमच्या पीएचसीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी वेगळी लेखी सूचना दिली असेल, तर ती आधी.

१. नर्स म्हणून मला औषध लिहून देण्याचा अधिकार आहे का?

डॉक्टरांसारखा मोकळा अधिकार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३२ मध्ये ‘समुदाय आरोग्य प्रदाता’ अशी मर्यादित परवान्याची तरतूद आहे. अशा व्यक्तीला फक्त प्राथमिक आणि प्रतिबंधक सेवेत, ठरवून दिलेली औषधं स्वतंत्रपणे देता येतात. बाकी सगळं नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली. नर्सिंगची पदवी किंवा सीएचओचा सहा महिन्यांचा कोर्स झाला म्हणजे हा परवाना आपोआप मिळत नाही. क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स केलेल्या सिस्टरही रुग्णालयाच्या लेखी प्रोटोकॉलच्या आतच औषध सुरू करतात किंवा बदलतात.

उपकेंद्रातून औषध देता येतं ते औषध नियमांच्या परिशिष्ट ‘के’ मधल्या सवलतीमुळे. ही सवलत सरकारी आरोग्य कार्यक्रमातल्या औषधांपुरती आहे. संध्याकाळी घरी येणाऱ्या शेजाऱ्याला मेडिकलमधून आणलेलं इंजेक्शन टोचणं तिच्यात बसत नाही, मग तो कितीही ओळखीचा असो.

२. मग उपकेंद्रात स्वतःहून काय द्यायचं आणि कधी विचारायचं?

तीन कप्पे डोक्यात ठेवा. पहिला कप्पा राष्ट्रीय कार्यक्रमात ठरलेल्या औषधांचा: ओआरएस, झिंक, लोह-फॉलिक, कॅल्शियम, अल्बेंडाझोल, पॅरासिटामॉल. ही प्रोटोकॉलप्रमाणे द्या. दुसरा कप्पा डॉक्टरांनी सुरू केलेल्या आणि तुम्ही दर महिन्याला भरून द्यायच्या औषधांचा: बीपी, शुगर, फिट, दमा. इथे तपासणी करूनच भरायचं (प्रश्न १०). तिसऱ्या कप्प्यात येतात नवं अँटिबायोटिक, डोसमधला कोणताही बदल, गरोदर बाईचं कार्यक्रमाबाहेरचं काहीही आणि दोन महिन्यांच्या आतलं बाळ. या वेळी ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवरून किंवा फोनवरून डॉक्टरांशी बोला आणि कोण बोललं, किती वाजता, काय सांगितलं हे रजिस्टरमध्ये लिहा. फोनवर सांगितलेला डोस परत मोठ्याने म्हणून दाखवा. ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ यांची गल्लत रेंज नसलेल्या गावात सहज होते.

३. चिठ्ठीवर किंवा पाकिटावर नेमकं काय लिहायचं?

नाव, वय, मुलाचं वजन, औषधाचं मूळ नाव, ताकद, एका वेळचा डोस, दिवसातून किती वेळा, किती दिवस, आणि कशासाठी. ‘कशासाठी’ हे बहुतेक चिठ्ठ्यांवर नसतं, आणि पुढच्या माणसाला तेच सगळ्यात उपयोगी पडतं.

अंकांबद्दल आपल्या भागात जास्त सावध राहावं लागतं. मराठीतला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठीतला ५ घाईत चारसारखा वाचला जातो, आणि कन्नडमधला एक जवळजवळ शून्यासारखा असतो. फार्मासिस्ट, सिस्टर आणि पेशंटची सून तिघं तीन लिप्यांत शिकलेली असू शकतात. म्हणून डोसचे अंक इंग्रजी आकड्यांत लिहा आणि शेजारी अक्षरांत ‘एक गोळी’, ‘अर्धी गोळी’ असं मराठीत किंवा कन्नडमध्ये. दशांश चिन्हाआधी शून्य हवाच: ०.५ लिहा, नुसतं .५ नको. पूर्ण आकड्यानंतर मात्र शून्य नको, कारण ५.० चा टिंब पुसला की पन्नास होतात. ‘युनिट’ पूर्ण शब्दात लिहा. मायक्रोग्रॅमही पूर्ण लिहा.

वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढा, आणि प्रत्येकाखाली गोळ्यांएवढे गोल.

४. पेशंट कोल्हापूर, मिरज किंवा गोव्याची चिठ्ठी घेऊन येतो. ती इथे चालते का?

चालते. औषधांचा कायदा केंद्राचा आहे. नोंदणीकृत डॉक्टरांची चिठ्ठी राज्याची हद्द ओलांडली म्हणून बाद होत नाही. अडचण वेगळीच असते. तिकडचं औषध एका ब्रँडचं, इथल्या पीएचसीतलं दुसऱ्या नावाचं, आणि पेशंट दोन्ही घेतो. तिकडून टेल्मिसार्टन ४० चालू, इकडे ‘सरकारी बीपीची गोळी’ म्हणून पुन्हा टेल्मिसार्टन ४०, असं घडतं. पट्टीवरचं मूळ नाव वाचा, जुनी पट्टी बाजूला काढायला लावा आणि चिठ्ठीवर ‘हे त्याच्याऐवजी’ असं लिहून द्या.

५. औषध देण्याआधी दर वेळी काय विचारायचं? गर्दीत एवढा वेळ नसतो.

वेळ एकाच गोष्टीला द्यायचा असेल तर पिशवीला द्या. ‘काही औषधं चालू आहेत का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येतं, कारण बीपीची गोळी ही त्यांच्या लेखी औषध नसून रोजचं खाणं झालेलं असतं. त्याऐवजी म्हणा, ‘आजी, घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या पिशवीत घालून आणा.’ आशाताईंना आदल्या दिवशी हे सांगायला लावा. पिशवीत डबल ब्रँड, मुदत संपलेल्या पट्ट्या, शेजारणीच्या गोळ्या आणि लेबल नसलेल्या पुड्या सापडतात. सांधेदुखीवर ‘लगेच गुण येणाऱ्या’ पुडीत स्टिरॉइड असण्याची शंका घ्या: चेहरा सुजलेला, शुगर अचानक वर, बीपी वर. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतलेली असेल तर एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड दबलेलं असतं, त्यामुळे उलट्या, अशक्तपणा आणि बीपी कोसळणं होऊ शकतं. डॉक्टरांकडे पाठवा.

त्यानंतर चार प्रश्न: आधी कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठलं, सूज आली का? पाळी कधी आली, दिवस गेलेत का? बाळाला अंगावर पाजता का? लघवी कमी होते का, किडनीचं काही सांगितलंय का?

६. मुलाला पॅरासिटामॉल किती मिलि? दर वेळी गोंधळ होतो.

मिलिमध्ये विचार केला की गोंधळ होणारच, कारण बाटल्या तीन ताकदींच्या असतात. आधी मिलिग्रॅम काढा: किलोमागे १० ते १५ मिग्रॅ, दर ४ ते ६ तासांनी, २४ तासांत जास्तीत जास्त चार वेळा. मग बाटली बघा.

१० किलोच्या मुलाला १५० मिग्रॅ द्यायचे आहेत. ५ मिलिमध्ये १२५ मिग्रॅ असलेलं सिरप असेल तर ६ मिलि. ५ मिलिमध्ये २५० मिग्रॅ असेल तर ३ मिलि. ड्रॉप्समध्ये १ मिलिला १०० मिग्रॅ असतात, म्हणून १.५ मिलि. ड्रॉप्सची बाटली संपली आणि आईने सिरप त्याच ड्रॉपरने पाजलं, तर डोस फारच कमी पडतो आणि ताप उतरत नाही. उलट, ड्रॉप्स चमच्याने ५ मिलि पाजले तर एकाच वेळी ५०० मिग्रॅ पोटात जातात. घरातला चमचा माप नव्हे. बाटलीबरोबरचं टोपण किंवा सुई काढलेली सिरिंज द्या आणि रेघेवर पेनने खूण करा.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवू नका. तिथे ताप हे जंतुसंसर्गाचं लक्षण धरूनच पाठवायचं.

७. लहान मुलांना खोकल्याचं सिरप देऊ का? आया मागतात.

नको. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपने मुलं दगावली, त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट केलं: दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा गरज नसते. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये, असा इशारा २०२३ मध्येच लेबलवर सक्तीचा झाला.

आई रिकाम्या हाताने जाणार नाही, हे खरं आहे. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, अंगावरचं दूध वाढवणं, वर्षापुढच्या मुलाला कोमट पाण्यात मध, हे करून दाखवा. आणि श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. २ ते १२ महिन्यांत मिनिटाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त असेल तर तो न्यूमोनिया समजा. मग अमॉक्सिसिलिन, दर वेळी किलोमागे ४० मिग्रॅ, दिवसातून दोनदा, ५ दिवस, डॉक्टरांना कळवून. छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल, सुस्त असेल तर पाठवा.

कोरड्या सिरपबद्दल एक: पावडरमध्ये उकळून गार केलेलं पाणी रेघेपर्यंत तुमच्यासमोर घाला. दर डोसला थोडी पावडर चमच्यात घेणारी घरं आहेत. कालवलेल्या दिवसाची तारीख बाटलीवर लिहा, सात दिवसांनी फेकायला सांगा.

८. जुलाबात ओआरएस दिला तरी झिंक का? आणि सलाईन कधी?

झिंकने जुलाबाचे दिवस कमी होतात आणि पुढच्या काही महिन्यांतला धोकाही उतरतो. २ ते ६ महिन्यांच्या बाळाला १० मिग्रॅ, सहा महिन्यांवर २० मिग्रॅ, जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदाच कालवायचं. अर्ध्या पाकिटाचा अंदाज चुकला की मिठाचं प्रमाण बिघडतं. सलाईन तेव्हाच, जेव्हा मूल पिऊ शकत नाही किंवा शुद्ध हरपत आहे.

९. लोहाच्या गोळ्या बायका बंद करतात. काय सांगायचं?

गरोदरपणात रोज एक लाल गोळी, ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, १८० दिवस. शौच काळी होणं हे गोळी पोटात जात असल्याचं चिन्ह आहे, हे आधीच सांगितलं तर घाबरून बंद करत नाहीत. मळमळ होत असेल तर रात्री जेवल्यावर झोपताना घ्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तास लांब, लिंबूपाणी चालेल. साध्या हिशोबाने: कॅल्शियम सकाळ-संध्याकाळ जेवणाबरोबर, लोह झोपताना.

१०. बीपी-शुगरची औषधं दर महिन्याला भरून देते. कधी थांबायचं?

मोजल्याशिवाय भरायचं नाही, हा पहिला नियम. बीपी १८०/११० किंवा जास्त, किंवा छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूला कमजोरी, नजर अंधुक होणं असेल तर त्याच दिवशी पाठवा. वरचं बीपी १०० च्या खाली आणि चक्कर येत असेल तर डॉक्टरांना विचारा. अ‍ॅम्लोडिपिनवर पावलं सुजली तर लघवीची गोळी स्वतःहून जोडू नका. तो त्याच औषधाचा परिणाम असतो आणि डोस किंवा औषध बदलावं लागतं.

उलट्या-जुलाब सुरू असताना मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल आणि लघवीची गोळी तात्पुरती थांबवावी लागते, कारण अंगातलं पाणी कमी असताना किडनीवर ताण येतो. फोन करून विचारा, खाणंपिणं सुरळीत झालं की पुन्हा सुरू. इन्सुलिनचं तसं नाही. जेवण कमी झालं तरी ते पूर्ण बंद करणं घातक ठरू शकतं.

११. आषाढी, श्रावणी सोमवार, नवरात्र किंवा रमजानचे उपास आहेत आणि शुगरची गोळी चालू आहे. मग?

गोळी कोणती, त्यावर सगळं ठरतं. एकट्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा धोकादायक खाली जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड आणि इन्सुलिन यांनी जाते. सण येण्याआधीच्या महिन्यात यादी काढा आणि डॉक्टरांकडून उपासाच्या दिवसाचा डोस लिहून घ्या. सौंदत्तीच्या यात्रेला चालत जाणाऱ्यांनाही हेच लागू.

घाम, थरथर, बडबड आणि शुगर ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका. २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिलि शिरेतून द्या आणि १०८ बोलवा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडमुळे खाली गेलेली शुगर काही तासांनी पुन्हा खाली जाते. ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी पाठवलेला पेशंट रात्री झोपेतच बेशुद्ध पडू शकतो.

१२. इन्सुलिनची सिरिंज कुठलीही चालते का?

अजिबात नाही. आपल्याकडच्या बहुतेक सरकारी बाटल्यांत १ मिलिला ४० युनिट असतात. पेन आणि त्याच्या कार्ट्रिजमध्ये १ मिलिला १००. ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला केशरी.

२० युनिट द्यायचे आहेत असं धरा. ४० ची बाटली आणि केशरी सिरिंज २० च्या रेघेपर्यंत भरली तर जातात ०.२ मिलि, म्हणजे फक्त ८ युनिट. शुगर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, मग एक दिवस घरात बरोबर सिरिंज येते आणि पेशंट कोसळतो. उलट, १०० ची बाटली आणि लाल सिरिंज २० पर्यंत भरली तर जातात ५० युनिट. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन कधीच काढू नका. शुगर अचानक बिघडली की डोस बदलण्याआधी बाटली आणि सिरिंज दोन्ही हातात घेऊन बघा.

१३. गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक मागतात. बीपीवाल्याला द्यायचं का?

टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल, लघवीची गोळी आणि वर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन: हे तिघं एकत्र आले की वयस्कर माणसाची किडनी काही दिवसांत बसू शकते. ऊसतोडीच्या हंगामात, उन्हात पाणी कमी पिणाऱ्यांत तर धोका जास्तच. पॅरासिटामॉल ५०० ते ६५० मिग्रॅ दिवसातून तीनदा, शेक आणि मलम यांनी बघा. पोटात व्रण झालेले, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेले आणि २० आठवड्यांपुढच्या गरोदर बायकांना वेदनाशामक म्हणून ही औषधं नकोत.

१४. अँटिबायोटिकबद्दल सगळ्यात मोठी चूक कोणती?

दोन आठवड्यांचा खोकला असलेल्याला बेडका तपासण्याआधी लेव्होफ्लॉक्सासिन देणं. टीबी थोडा दबतो, पेशंटला बरं वाटतं, निदान लांबतं आणि जंतू औषधाला जुमानत नाहीसे होतात. आधी बेडका, मग औषध.

दुसरी चूक डेरिफायलिन (यात थिओफायलिन असतं) चालू असलेल्या दमेकऱ्याला सिप्रोफ्लॉक्सासिन देणं. सिप्रो थिओफायलिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतं: मळमळ, धडधड, कधी फिट. निपाणी भागात आणखी एक लक्षात ठेवा. विडी ओढणाऱ्याच्या अंगात थिओफायलिन लवकर संपतं; त्याने विडी सोडली की तोच जुना डोस जास्त होतो. विडी सोडल्याचं कौतुक करा आणि डोस तपासून घ्यायला पाठवा.

डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर, घेतल्यावर अर्धा तास आडवं न होता. दूध आणि लोहाच्या गोळीबरोबर नको.

१५. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी कशी सांभाळायची?

हा प्रश्न मेथोट्रेक्सेटचा. संधिवातासाठी ती आठवड्यातून एकदाच असते आणि रोज घेतल्यास जीव जाऊ शकतो. चिठ्ठीवर वार लिहा: ‘फक्त सोमवारी’. एका महिन्याला चार-पाच डोसांपेक्षा जास्त देऊ नका. तोंडात फोड, ताप, अंगावर निळे डाग दिसले तर गोळी बंद करून लगेच पाठवा. तिच्यासोबत कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक कधीच नको.

१६. गरोदर आहे हे उशिरा कळलं आणि आधीपासून औषधं चालू आहेत. काय बंद करायचं?

टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, मेथोट्रेक्सेट आणि डॉक्सिसायक्लिन लगेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. बीपीसाठी लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा हे पर्याय आहेत. फिटची गोळी मात्र, व्हॅलप्रोएट असली तरी, स्वतःहून बंद करू नका. लागोपाठ फिट येणं आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतं. तातडीने पाठवा.

१७. झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेट उपकेंद्रात देऊ का?

हो, एकदाच, आणि लगेच १०८. ५० टक्क्यांच्या २ मिलि अँप्यूलमध्ये १ ग्रॅम असतो. एकूण १० अँप्यूल: प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम, खोल स्नायूत. लेबलवर ५० टक्केच आहे ना, हे वाचा. २५ टक्क्यांचे अँप्यूलही मिळतात. पुढचा डोस रुग्णालयातच, आणि तिथेही श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत आणि लघवी तासाला ३० मिलि असेल तरच. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्के १० मिलि, शिरेतून सावकाश. डाव्या कुशीवर झोपवा, पाठवताना डोस आणि वेळ कार्डावर लिहा.

१८. इंजेक्शननंतर पेशंट कोसळला. आधी अ‍ॅव्हिल की अ‍ॅड्रेनलिन?

अ‍ॅड्रेनलिन. अ‍ॅव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन नंतर. १ मिलिला १ मिग्रॅ असलेल्या अँप्यूलमधून मोठ्या माणसाला ०.५ मिलि, मुलाला किलोमागे ०.०१ मिलि (१० किलोला ०.१ मिलि), मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. आडवं झोपवून पाय उंच. ५ मिनिटांत फरक नाही तर पुन्हा. उठवून बसवू नका, चालवत गाडीत नेऊ नका. १ मिलिची सिरिंज आणि स्नायूत पोचेल अशी सुई किटमध्ये वेगळी ठेवा. इन्सुलिनची सुई आखूड पडते. त्वचेवरची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त राहू नका, प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास बसवून ठेवा.

१९. साप आणि विंचू यांची औषधं मुलांना कमी द्यायची का?

सापाचं प्रतिविष मुलाला आणि मोठ्याला सारखंच, सुरुवातीला १० व्हायल. विष तेवढंच गेलेलं असतं. फक्त ज्या सलाईनमध्ये घालायचं त्याचं प्रमाण मुलाच्या वजनाप्रमाणे. व्हायल गोल फिरवून विरघळवा, हलवून फेस करू नका. टेस्ट डोस नको, अ‍ॅड्रेनलिन भरून जवळ हवं. रक्त न गोठण्याची चाचणी नव्या, कोरड्या काचेच्या नळीत, २० मिनिटं न हलवता. खानापूरच्या जंगलपट्ट्यात उंच नाकाचा चापडाही आढळतो आणि नेहमीचं प्रतिविष त्याच्यावर चालत नाही. म्हणून प्रतिविष देऊनही रक्त गोठत नसेल तर हे कारण मनात ठेवून मोठ्या रुग्णालयात कळवा.

विंचवाला उलट, प्राझोसिन वजनावर: किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने. नुसत्या दुखण्याला नाही. दरदरून घाम, गार हातपाय, उलट्या, लाळ असेल तेव्हा. साधी गोळी हवी, हळूहळू विरघळणारी चालत नाही. पहिल्या डोसनंतर बीपी पडू शकतं, म्हणून पेशंट आडवाच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे हे औषध आपल्याकडे रुळलं.

२०. पावसाळ्यात वीज जाते. फ्रीजमधल्या औषधांचं काय?

ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवा, गोठवू नका. उन्हाळ्यात टेबलावर राहिलेलं ऑक्सिटोसिन ताकद गमावतं, आणि बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही तेव्हाच ते कळतं. बाळंतपण सुरू असताना लागेल तेवढंच बाहेर काढा. फ्रीज बंद असताना दार उघडू नका, बर्फाच्या पिशव्या असलेल्या कोल्ड बॉक्समध्ये थर्मामीटर ठेवा आणि तापमान दिवसातून दोनदा लिहा.

२१. चुकीचं औषध किंवा डोस गेला. कोणाला सांगायचं?

आधी पेशंटकडे बघा: श्वास, नाडी, बीपी, शुद्ध, शुगर. मग वैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच फोन, आणि काय दिलं, किती, किती वाजता हे जसंच्या तसं लिहा. रिकामं अँप्यूल किंवा पट्टी फेकू नका. घरच्यांना सांगा; पुढच्या दवाखान्यात त्यांच्याकडूनच माहिती जाणार आहे.

औषध बरोबर असूनही वाईट परिणाम झाला तर तो औषध सुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येतो. नर्सलाही ही तक्रार नोंदवता येते. परिणाम त्या औषधानेच झाला हे सिद्ध करण्याची गरज नाही, शंका पुरेशी आहे. बॅच नंबर हाताशी ठेवा. लशीनंतरचा त्रास मात्र वेगळ्या फॉर्मवर, पीएचसीमार्फत.